दाढेवरचा मणी

"ताई, रोज साधारण किती घेता?" डॉक्टर दुसान्यांनी विचारलं.

गोळ्यांबद्दल विचारतायत असं वाटून मी म्हटलं, "सकाळी एक, जेवणानंतर एक."

"गोळ्या नाही. दारू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर बाकावर माणसं बसलेली, दार अर्धवट उघडं, आणि ही माझ्या भाचीच्या वयाची मुलगी मला दारूचं माप विचारतेय. "मी पीत नाही," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी विचारलंत तेव्हाही हेच सांगितलं. उद्या विचाराल तरी हेच सांगेन."

"मग हे बघा." तिनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एक हिरवी रेघ सपाट चालली होती आणि दर सकाळी एकदम उभी राहून लाल होत होती. दुपारपर्यंत खाली यायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. फक्त रविवार सपाट. "मणी बसवल्यापासून असंच आहे. एवढे लाल डोंगर रोज अर्धी-पाऊण बाटली रिचवणाऱ्यांचे येतात. ताई, मी ओरडत नाहीये. पण तुम्हाला एकदा कॅन्सर होऊन गेलाय. दुसरा होऊ नये म्हणून तर हा मणी बसवला ना आपण?"

"तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हटलं, पर्स उचलली आणि निघाले. दार मुद्दाम जोरात लावलं.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. मी हर्षदा बोरस्ते. दिंडोरीच्या पुढे आमच्या माहेरच्या जमिनीवर माझ्या थोरल्या भावानं, विश्वासदादानं, वायनरी काढली. तिथं वाइन चाखणं हे माझं काम. ब्लेंड कसं लावायचं, म्हणजे कोणत्या टाकीतली शिराज द्राक्षाची वाइन कोणत्या टाकीतल्या कॅबरनेबरोबर नीट नांदेल, कुठली अजून महिनाभर लाकडी पिंपात झोपू द्यायची, कुठली सरळ ओतून द्यायची, हे मी ठरवते. वायनरीत मला सगळे 'जीभ' म्हणतात. 'जिभेला विचारलं का?' असं एकमेकांना विचारतात, आणि मी मागे उभी असले तरी कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पण चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं. घोट घ्यायचा, गालात फिरवायचा, जिभेवर पसरू द्यायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची आणि थुंकून टाकायचा. त्यासाठी प्रत्येक टेबलाजवळ बादली असते. गिळायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. इतक्या वर्षांत माझ्या घशाखाली एक थेंब उतरलेला नाही. सासरी कोणी कुजबुजलं की सासूबाई ठणकावून सांगायच्या, "आमची हर्षदा करते ती दारू, पण पीत नाही." म्हणून मला कोणी पिणारी म्हटलं की सहन होत नाही.

आणि गंमत बघा, कॅन्सर झाला तो जिभेलाच. डाव्या कडेला. तंबाखू नाही, मिश्री नाही, सुपारीचं खांडसुद्धा कधी खाल्लं नाही, तरी झाला. कडेचा तुकडा काढला, मग रेडिएशन. त्यानंतर वर्षभर वरण काय आणि पुठ्ठा काय, सगळं सारखंच लागायचं. मग एका दुपारी जयवंतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, केलेल्या ठेच्यात लसूण जास्त झालाय हे मला कळलं. मी ताटावर बसून रडले. जीभ परत आली होती. दुसऱ्या आठवड्यात मी कामावर हजर. आजही 'श' म्हणताना थोडी शिट्टी वाजते, पण चव जशीच्या तशी आहे.

मणी हे नवीन प्रकरण. मागच्या दाढेवर बसवतात, द्राक्षाच्या बीएवढा असतो, दोन दिवसांत विसरायला होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण नाशकात सगळे मणीच म्हणतात, कारण आमच्याकडे द्राक्षाच्या दाण्यालाही मणीच म्हणतात. हा मणी रात्रंदिवस लाळ तपासतो. लाळेत कोणतं विष किती आहे ते बघतो, आणि तोंडाच्या अस्तरातून रोज ज्या पेशी झडतात त्यांच्या आतली गुणसूत्रं वाचतो.

ते कशासाठी, हे डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत माझ्याच भाषेत सांगितलं होतं. बागेत एका वेलीवर डावणीची बुरशी दिसली तर आपण तेवढं पान खुडून गप्प बसतो का? नाही. रोगाचं बी सगळ्या प्लॉटवर पडलेलं असतं, दिसायला तेवढं एक पान दिसतं. तोंडाचंही तसंच. ज्या कारणानं एका ठिकाणी कॅन्सर झाला, त्या कारणानं आजूबाजूचं अख्खं अस्तर थोडंथोडं बिघडलेलं असतं. दिसायला गुलाबी, निरोगी. आत बिघडलेल्या पेशींचे पट्टे. सर्जन दिसतो तो भाग काढतात, बाकीचं शेत तसंच राहतं. म्हणून एकदा तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाला तोंडात, घशात, अन्ननलिकेत दुसरा, नवाकोरा कॅन्सर होण्याची भीती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. मणी त्या शेताचा नकाशा काढतो, आणि कोण त्याला खतपाणी घालतंय तेही सांगतो.

हे सगळं मला पटलं होतं. हौसेनं बसवून घेतला होता. वर मीच सांगितलं होतं की घरच्या माणसाच्या फोनवरही त्याचा ठिपका दिसू दे. हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल वाईट. जयवंतचा नंबर मीच दिला होता.

घरी पोचले तर जयवंत ओट्याशी उभा राहून भेंडी चिरत होता. त्याची द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका आहे, हात सदा सुरीवर. भेंडीचे तुकडेसुद्धा मापात करतो. मी पर्स आपटली, पाणी प्यायले, भांडं आपटलं. तो भेंडी चिरतच राहिला. दवाखान्यातून आले की 'काय म्हणाल्या?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आज तो आलाच नाही.

"विचारलं नाहीस काय म्हणाल्या ते?"

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठिपका. "तू रोज बघतोयस?"

"रोज. सकाळी साडेदहा-अकराला लाल होतो."

"इतके दिवस लाल दिसतंय आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस?"

त्यानं सुरी खाली ठेवली. "काय विचारू, हर्षा? आई तात्यांना रोज विचारायची. ते रोज तिच्या गळ्याची शपथ घ्यायचे. गुळण्या करून, तोंडात वेलदोडा टाकून घरात यायचे."

मी तोंडातला वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि तिथंच थांबले. रेडिएशनपासून माझ्या तोंडाला लाळ कमी सुटते, म्हणून मी दिवसभर वेलदोडा चघळते. हा माणूस माझ्यासमोर बसून रोज तो वास घेत होता आणि मनातल्या मनात बापाचे शेवटचे दिवस आठवत होता. माझे सासरे दारूनं गेले. लग्न ठरलं तेव्हा त्याची एकच अट होती, घरात बाटली यायला नको. आम्ही राहुरीला एका वर्गात शिकलेलो, एकमेकांना अरे-तुरे करणारे. अटीबिटी आमच्यात शोभायच्या नाहीत, पण ती एक मी हसत कबूल केली आणि पाळली.

"मी तात्या नाही," मी म्हटलं.

"तेच खरं असावं असं मला वाटतंय गं. पण मशीन कशाला खोटं बोलेल?"

मला डॉक्टरांचं बोलणं झोंबलं होतं. हे मात्र आत कुठं तरी जाऊन बसलं. कॅन्सर सांगितला त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी होती, पण भांडले नाही. शेवटी म्हटलं, "उद्या सकाळी वायनरीत चल. माझ्याशेजारी उभा राहा. फोन हातात ठेव. मी काय करते ते डोळ्यांनी बघ, आणि मग कोण खोटं बोलतंय ते तूच सांग."

दुसऱ्या सकाळी आम्हा दोघांना एकत्र बघून दादानं भुवया उंचावल्या. "दाजी, आज इकडे कुठं वाट चुकलात?"

"परीक्षक म्हणून आलेत," मी म्हटलं. "तू गप्प बस आणि दोन मापपात्रं दे."

मापपात्रं अशासाठी, की मला शंकेला जागाच ठेवायची नव्हती. जयवंतनं स्वतःच्या हातानं वाइन मापून ओतायची, मी तोंडात घ्यायची, आणि बादलीऐवजी दुसऱ्या मापपात्रात थुंकायची. दादा हसत होता. चार-पाच टाक्यांची शिराज झाली, मग कॅबरने. जयवंतनं पात्रं उजेडात धरली. जेवढी तोंडात गेली तेवढी बाहेर आली होती, उलट लाळेमुळे थोडी जास्तच.

"घे," मी म्हटलं. "गेला का थेंब पोटात?"

तो फोनकडे बघत होता. ठिपका पिवळा झाला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो केशरी झाला आणि मग लाल. मी पाण्यानं चूळ भरली. थोडा उतरला. मी पुढच्या टाकीचा घोट घेतला, थुंकले, पुन्हा लाल.

दादाचं हसू थांबलं. जयवंत एकदा पात्राकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. "तू खरी आहेस," तो हळूच म्हणाला. "आणि मशीनही खरं आहे." मग दादा शेजारी उभा असताना त्यानं माझा हात धरला, जे त्यानं इतक्या वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं. "माझं चुकलं, हर्षा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण आता प्रश्न मोठा झाला होता.

दुपारीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आधी मी दाराची माफी मागितली. मग सगळा प्रयोग सांगितला. डॉक्टर दुसाने खुर्चीत सरळ झाल्या.

"तुम्ही वाइन चाखता? ताई, तुम्ही तर द्राक्षाचा धंदा म्हणून सांगितलं होतं."

"द्राक्षाचाच आहे की. आणि तुम्ही विचारलंत, दारू पिता का. मी पीत नाही."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बरोबर आहे. मीच चुकीचं विचारलं. मी 'तोंडाला लावता का' असं विचारायला हवं होतं."

आमच्याकडे न पिणारा माणूस दोन्ही वाक्यं एका दमात बोलतो. मी पीत नाही, मी थेंबही तोंडाला लावत नाही. दोन्हींचा अर्थ एकच असं धरून चालतो. माझ्या बाबतीत पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि दुसरं शंभर टक्के खोटं. माझी तर पोटापाण्याची सगळी कमाईच तोंडाला लावण्याची होती.

डॉक्टरांनी कागदावर एक तोंड काढलं. चित्रकला यथातथाच होती, पण समजलं. लोकांना वाटतं दारूचा त्रास यकृताला. तो होतोच. पण दारूतला अल्कोहोल मोडतो तेव्हा मधल्या टप्प्यावर ॲसिटाल्डिहाइड नावाचं एक विष तयार होतं. ते गुणसूत्रांना चिकटतं, आणि मग पेशी स्वतःची नक्कल करताना चुका करते. यकृताजवळ या विषाची पुढची वासलात लावायची चोख यंत्रणा आहे. तोंडाजवळ तशी नाही. तोंडातले जंतू आणि तोंडाचं अस्तर अल्कोहोलपासून हे विष करतात भराभर, आणि मोडतात मात्र रडतखडत. त्याला पोटात जायची गरजच नाही. घोट थुंकला तरी पातळ थर गालाला, जिभेला राहतो, आणि तेवढा पुरतो.

"निरोगी माणसाची लाळ ते धुऊन नेते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची लाळ रेडिएशननं आटलीय. आणि तुम्ही एक घोट घेऊन थांबत नाही, लागोपाठ टाक्या चाखता. अख्खी सकाळ तुमचं तोंड त्यात भिजत पडतं."

"म्हणजे माझा पहिला कॅन्सर..."

"त्यानंच झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं सांगता येत नाही कोणालाच. पण दुसऱ्याबद्दल सांगू शकते." त्यांनी नकाशा उघडला. माझ्या तोंडाचा नकाशा, बागेच्या प्लॉटसारखा आखलेला. जिभेच्या उजव्या बाजूला, खाली, एक पिवळट डाग होता. "हा कॅन्सर नाही. बिघडलेल्या पेशींचा पट्टा आहे. मणी बसवला तेव्हा होता त्याहून आता मोठा झालाय. असंच चालू राहिलं तर दोन-तीन वर्षांत मला पुन्हा तुमची जीभ कापायची चिठ्ठी सर्जनना द्यावी लागेल. या वेळी कडेचा तुकडा पुरणार नाही."

"आणि थांबवलं तर?"

"तर आपली बाजू भक्कम आहे. खतपाणी तोडलं की असे पट्टे पुष्कळदा आकसतात. वचन देत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आजपासून थांबवलं असतं, आणि मला भीतीही वाटली नसती."

गाडीत जयवंत म्हणाला, "तू ठरव. मी काही बोलणार नाही." आमची बिनचालकाची गाडी आपली आपण चालत होती आणि दोघांनाही करायला काही नव्हतं, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ होता. मला मरणाची भीती वाटत नव्हती. मला भीती वाटत होती की उद्यापासून मी कोण. जीभ वाचवायची तर जिभेचं काम सोडायचं, आणि काम धरायचं तर जीभ जाणार. दोन्हीकडून मी मुकीच.

दादा ऐकून घेईना. "हर्षे, फक्त हा हंगाम काढ. ब्लेंड तोंडावर आलंय. मार्चअखेर बंगळूरची माणसं खरेदीआधी चाखायला येणार. तुझ्याशिवाय ते कोण लावणार?"

"यंत्र आणलंयस ना मोठ्या कौतुकानं? रसायनं मोजणारं?"

"ते आंबट किती, तुरट किती सांगतं. चांगलं काय ते सांगत नाही. ते तूच सांगतेस." मग आवाज उतरवून म्हणाला, "कमी चाख. रोज दोन-तीनच. आणि लगेच चूळ भर."

तो दुष्ट नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता. पण मी जिवंत घरी आले आणि चव परत आली, तेव्हा त्याच्या मनानं ते प्रकरण मिटवून टाकलं. मलाही मिटवायचंच होतं की.

"दादा, ती बादली बघ," मी म्हटलं. "आपल्याला वाटत होतं की सगळं तिच्यात जातं. जात नाही. तू चाखतोस, प्रयोगशाळेतली पोरं चाखतात, त्यांनाही सांग. आणि मला आजपासून विचारू नकोस."

असं तोऱ्यात बोलून आले खरी, पण पुढचे काही आठवडे मी घरातल्यांच्या डोक्यावर मिरे वाटले. भाजीत मीठ कमी, चहात आलं जास्त, जयवंतच्या कलमांना पाणी जास्त. नुसत्या नाकानं ब्लेंड लावून पाहिलं. नाकाला पुष्कळ कळतं, चवीचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. पण वाइन तोंडात किती जड बसते, तुरटपणा कुठे धरतो आणि कधी सोडतो, हे नाकाला कळत नाही. अल्कोहोल काढून टाकलेले नमुनेही दादानं करून आणले. डॉक्टरांच्या परवानगीनं ते चाखले. चव अशी, की सगळं सामान नेल्यावर रिकाम्या घरात उभं राहावं. त्या वर्षीचं ब्लेंड दादानं आणि यंत्रानं मिळून लावलं. बंगळूरची माणसं आली, ठीक आहे म्हणाली आणि गेली. ठीक आहे हा शब्द आमच्या वायनरीनं त्याआधी ऐकला नव्हता.

पुढची छाटणी झाली, थंडी आली, मणी भरायला लागले. जानेवारीत एका दुपारी दादाशी काहीतरी भांडून मी शिराजच्या प्लॉटमध्ये शिरले. रागाच्या भरात एक मणी तोडून तोंडात टाकला. वाइनची द्राक्षं खायची नसतात, लहान, जाड सालीची, बियांनी भरलेली. मी साल चावली, बी दाढेखाली फोडलं. आणि थांबले.

हा तुरटपणा माझ्या ओळखीचा होता. वरच्या, मुरमाड प्लॉटची शिराज पिंपातून काढली की जिभेच्या मागे धरते ना, तोच. फक्त अजून कच्चा. मी खालच्या, काळ्या मातीच्या प्लॉटमध्ये गेले. तिथल्या मण्याची साल लवकर विरघळली, गोडवा आधी आला. ही वाइन पुढे मऊ होते आणि सांभाळायला कोणी नसलं तर फिकी पडते. मला हे माहीत होतं, कारण इतकी वर्षं याच प्लॉटची वाइन मी तोंडात फिरवली होती. मण्यापासून बाटलीपर्यंतची सगळी वाट माझ्या जिभेला पाठ होती; मी तिच्यावर कायम शेवटच्या टोकाला उभी होते, एवढंच.

मी बांधावरून जयवंतला फोन लावला. "ठिपका बघ."

"हिरवा," तो म्हणाला. "का गं, काय झालं?"

"काही नाही. बघत राहा."

संध्याकाळपर्यंत मी प्लॉट पालथे घातले. ठिपका हिरवाच राहिला. साखर असतेच द्राक्षात, पण अल्कोहोल नसतो. आंबवायच्या आधीचं सगळं माझं होतं.

दादाला पटवणं हे आणखी एक युद्ध. ब्लेंड म्हणजे तयार झालेल्या वाइन एकत्र करणं. मी म्हणत होते, वेलीवर असतानाच ठरवू; वरच्या मुरमाडाचे तीन भाग, खालच्या काळ्याचा एक, कॅबरने अजून आठ दिवस वेलीवर राहू दे, आणि सगळं एकाच टाकीत आंबव.

"आणि चुकलं तर? नंतर वेगळं करता येणार नाही," दादा म्हणाला.

"लग्नं अशीच होतात," मी म्हटलं. "एक टाकी दे. बाकी तुझ्या पद्धतीनं कर."

त्यानं एक टाकी दिली. कुरकुरत दिली, पण मी सांगितलं त्याच दिवशी, सांगितलेल्या वेळीच काढणी केली. मी रोज जाऊन टाकीचा वास घेई. तोंडाला काही लावलं नाही. नाही म्हणायला मोह झाला. एकदा नमुन्याचा ग्लास ओठांपर्यंत गेला होता. तिथून परत आला.

मधल्या काळात डॉक्टरांनी नकाशा पुन्हा काढला. डाग निम्म्याहून कमी झाला होता. "अजून आहे," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याच्यावर नजर ठेवणार आहे. पण त्याची वाढ थांबलीय आणि तो मागे चाललाय." आता त्या प्रत्येक पेशंटला तोंडाला लावता का असंच विचारतात. एक भजनी मंडळातले निवृत्त मास्तर सापडले म्हणे, रोज लाल. बिचारे दिवसातून पाच वेळा अल्कोहोलवाल्या औषधानं चुळा भरत होते, स्वच्छता म्हणून. त्यांनाही घरच्यांनी महिनाभर छळलं होतं.

बंगळूरची माणसं त्याच टाकीची वाइन चाखायला आली तेव्हा दादानं जयवंतलाही बोलावलं. लांब टेबल, पांढरं कापड, प्रत्येकाजवळ बादली. पाहुण्यांमधल्या एका जाडजूड गृहस्थांनी घोट घेतला, फिरवला, डोळे मिटले. मग थुंकायचं सोडून सरळ गिळला. आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही.

"हे ब्लेंड कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते, लपवायची तसदीही त्यानं घेतली नाही. त्यानं स्वच्छ ग्लास घेतला, थोडी ओतली आणि माझ्यापुढे धरली. "हर्षे, तुझी आहे. तुला कशी लागते ते कळायला नको? आज एकदाच. थुंकून टाक."

खरं सांगते, इतकी ओढ मला कधीच कशाची वाटली नव्हती. मी ग्लास घेतला, फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. वरचा मुरूम, खालची काळी माती, वेलीवर आठ दिवस जास्त थांबलेलं कॅबरने. मी म्हटलं होतं तसंच सगळं होतं.

मी ग्लास टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांकडे सरकवला. "चांगली झालीय," मी म्हटलं. "घ्या तुम्ही. मी तोंडाला लावत नाही."

मग मी जयवंतकडे पाहिलं. तो खिडकीशी उभा होता, हाताची घडी घालून, माझ्याकडे बघून हसत होता. फोन त्याच्या हातात नव्हता. परत निघालो तेव्हा तो फोन मला गाडीतच सापडला, सीटवर उपडा, सकाळपासून बंद.